येते हं

दळणाचा डबा उचलून शर्वाणी सवयीने म्हणाली, "येते हं."

सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या. "राहू दे ते दळण. तुझी उद्याची पोस्ट वाचली आम्ही."

नव्या अपडेटपासून ब्लॉग माणसाची उद्याची पोस्ट आजच लिहून सगळ्यांना दाखवायचा. शर्वाणीची तर अजून एकही चुकली नव्हती. उद्याच्या पोस्टमध्ये एकच शब्द होता: 'जाते.'

"अहो आई, घर सोडायचं माझ्या स्वप्नातही नाही!"

"मग काय ब्लॉग खोटं बोलतो?" असं म्हणत नवऱ्याने दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

शर्वाणी डबा तसाच धरून कुलपाकडे बघत राहिली. तो शब्द तिच्या मनात आत्ता पहिल्यांदाच आला.