धुलाईघराचा खुलासा

मुकादमबाईंनी ट्रॉलीच्या चाकापुढे पाय रोवला आणि मागे वळून सांगितलं, "कुणी हात लावायचा नाही."

धुलाईघरातल्या बाकी पाचही बायका जागच्या जागी थबकल्या. ट्रॉलीत साथीच्या वॉर्डातल्या चादरींचा ढीग होता. सुटा, ओला, रक्ताचे आणि ओकारीचे डाग पडलेला. अशा चादरी तोंड बांधलेल्या पिशवीतूनच खाली आणायच्या आणि हातमोजे घालूनच सोडायच्या, हा इस्पितळाचाच नियम. नियमाचा कागद भिंतीवर होता. पिशव्या दहा दिवसांपूर्वी संपल्या होत्या, मोजे त्याच्याही आधी. तेव्हापासून बायका उघड्या हातांनी चादरी निवडत होत्या. गेल्या आठवड्यापर्यंत त्या, मुकादमबाई धरून, सहा नव्हत्या, आठ होत्या.

"मला कशाला मध्ये घेता, मुकादमबाई?" ट्रॉलीवाला रडवेला झाला. "मी आपला सांगकाम्या."

"तुला कोण बोलतंय? जा, साहेबांना बोलाव."

भांडार आणि धुलाई, दोन्ही खाती एकाच साहेबांकडे होती. ते आले आणि दारातच उभे राहिले. तोंडावर दोन मास्क, हातांत निळे मोजे.

"काय तमाशा लावलाय?"

"तमाशा नाही, साहेब. पिशव्या द्या, मोजे द्या. यंत्र आत्ता सुरू करते."

"वर डॉक्टरांना पुरत नाहीत, तुम्हाला कुठून आणून देऊ? इतके दिवस केलंतच ना?"

"केलं. आणि निस्तरतोयही आम्हीच."

साहेबांनी मग आवाज खाली आणला. "बाई, वर माणसं नुसत्या रेक्झिनवर पडलीत. घामानं पाठी चिकटतायत त्यांच्या. जरा माणुसकी ठेवा."

हे मात्र वर्मी लागलं. बावीस वर्षांत मुकादमबाईंनी एक ट्रॉली अडवली नव्हती. सगळ्यांत मऊ मनाची जी बाई होती, ती अर्धं पाऊल पुढे आली. "राहू दे, बाई. चार चादरी मी काढते. कुणाचे तळतळाट नकोत."

मुकादमबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी झग्याच्या खिशातून फोन काढला.

वर, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच वॉर्डात, त्यांची धाकटी जाऊ दाखल होती. याच धुलाईघरातली, याच ट्रॉलीवरची. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एका छपराखाली राहून चार महिने बोलणं बंद होतं, आणि कशावरून ते विचारलं असतं तर एकीलाही धड सांगता आलं नसतं.

मुकादमबाईंनी आवाज मोठा केला आणि फोन हातभर लांब धरला. आधी नुसती ऑक्सिजनची फुसफुस ऐकू आली.

"कोण?"

"मी."

पलीकडे खोकल्याची एक उबळ. मग, "बोला, ताई."

"तुझ्या खाटेवर चादर आहे का गं?"

"नाही. काल दुपारपासून."

"साहेब म्हणतात, धुवा. मोजे नाहीत. तशाच धुवा म्हणतात. काय करू?"

साहेब दारातून म्हणाले, "अहो, पेशंटला काय विचारता हे?" पण कुणाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

"पडते मी अशीच," धाकटी म्हणाली. पुढचा शब्द यायला तिला दोन श्वास लागले. "हात लावू नका. किती... किती उरलात?"

"सहा."

"सहाच राहू द्या."

फोन बंद झाला. पुढे आलेली बाई मुकाट्यानं मागे सरली.

"लेखी देईन," साहेब म्हणाले. "नोकरीवर बेतेल."

"द्या," मुकादमबाई म्हणाल्या, आणि एक रिकामा टब पालथा घालून त्यावर बसल्या. बाकीच्यांनीही आपापला टब पालथा घातला. हातहात अंतर सोडून सहा जणी भिंतीला टेकून बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी रडलं नाही. एकीला शिंक आली तर बाकी पाच जणींनी एकदम तिच्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं.

अर्ध्या तासानं कारकून आला. काखेत एक खोकं, हातात एक कागद.

"हे कुठून उगवलं?" मुकादमबाईंनी खोक्याकडे बोट दाखवलं.

"तपासणीला माणसं येणार होती ना. त्यांना दाखवायला साहेबांनी कपाटात ठेवलं होतं, आता काढून दिलं." कारकुनानं मागे वळून पाहिलं. "मी सांगितलं असं म्हणू नका. आणि हा कागद घ्या, साहेबांनी दिलाय."

"आधी खोकं."

खोकं फुटलं. मोजे होते, खाली पिशव्याही होत्या. बायकांनी मोजे चढवले, एकमेकींची मनगटं तपासली, आणि मग ट्रॉलीला हात घातला. पहिली खेप यंत्रात गेली. पाणी सुटलं, फरशी थरथरू लागली. तेव्हा कुठे मुकादमबाईंनी कागद उलगडला. काम बंद का पाडले, याचा लेखी खुलासा आजच्या आज सादर करावा, नपेक्षा कारवाई होईल.

"गैरसमज झाला, असं लिहून टाका, बाई," कारकून हळूच म्हणाला. "मिटून जाईल."

"पेन द्या."

त्यांनी कागद यंत्राच्या झाकणावर ठेवला. झाकण हलत होतं, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं:

'खुलासा तिसऱ्या मजल्यावर, खाट क्रमांक अकरावर आहे. साहेबांनी स्वतः जाऊन घ्यावा. तिला बोलायला वेळ लागतो, घाई करू नये.'

खाली त्यांनी सही केली, आणि कागद कारकुनाच्या हातात देऊन दुसऱ्या खेपेकडे वळल्या.