इत्यादींपैकी एक

"हा लेख त्याचाच," सर म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावर आपटले. "दुसऱ्या कुणाची एवढी मिजास असूच शकत नाही."

बायकोने चष्म्यावरून पाहिलं. संशोधनाच्या एका नियतकालिकाने तो लेख सरांकडे तपासायला पाठवला होता, नाव झाकून. लेख कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये आणि तपासला कुणी हे लेखकाला कळू नये, असा तिथला नियमच होता. पण सरांची उभी हयात निनावी मजकुराचा लेखक हुडकून काढण्यात गेली होती. त्यांची पद्धत तशी साधी. भारदस्त शब्द माणूस जपून वापरतो. 'पण', 'तर', 'मात्र' असले किरकोळ शब्द त्याच्याही नकळत सांडत जातात. ते मोजायचे, की माणूस सापडला.

"मोजून बघितलंत का?" बायकोने विचारलं.

"मोजायचंय काय त्यात? वासावरून कळतं!"

वास ज्याचा येत होता तो सरांचा जुना वर्गमित्र. दोघे एका बाकावर शिकले. मग हे मोजत बसले आणि तो लिहीत सुटला. आता परिषद म्हटली की बीजभाषण त्याचं, ग्रंथ म्हटला की प्रस्तावना त्याची. शब्द मोजून माणूस सापडत नसतो, असं तो हसत हसत सांगायचा आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून जायचं. त्याच्या गाजलेल्या पुस्तकात सरांचा उल्लेख अगदीच नव्हता असंही नाही. एका तळटीपेत बड्या बड्या अभ्यासकांची नावं होती आणि शेवटी 'इत्यादी'. त्या 'इत्यादी'त आपण आहोत, असं सर स्वतःला समजावत. समजावलं तरी खुपायचं ते खुपायचंच.

आणि आता हा लेख! पद्धत सगळी सरांची, आणि सरांचं नाव औषधालासुद्धा नाही. उलट पानोपानी त्या वर्गमित्राचे उतारे. सरांनी चटकन हिशेब जुळवला. नाव झाकायचं असलं की बेरकी माणूस स्वतःलाच परक्यासारखा उद्धृत करतो. म्हणजे जन्मभर टिंगल केली आणि आता माझाच माल आपल्या नावावर खपवतोय! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट म्हणजे लेख चांगला होता. एका जागी तर इतका चांगला, की हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून सर बराच वेळ त्याच पानावर अडून बसले.

एरवी त्यांचा अभिप्राय चार ओळींचा असायचा. या वेळी पानंच्या पानं भरली. लेखकाला विषयाचं प्राथमिक भान नाही. दुसऱ्याच्या कष्टांवर पोसलेली ही बांडगुळी विद्वत्ता आहे. कितीही दुरुस्त्या केल्या तरी हा लेख छापण्याजोगा होणार नाही. अभिप्राय पाठवून झाल्यावर कितीतरी दिवसांनी त्यांना पोटभर जेवण गेलं.

महिन्याभराने त्यांची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वर्षावर्षाच्या करारावर ती एका कॉलेजात शिकवत होती. डोळे सुजलेले होते. तिने पिशवीतून कागद काढून सरांच्या हातात दिले. 'लेखकाला विषयाचं प्राथमिक भान नाही' ही पहिलीच ओळ वाचली आणि सर खाली बसले.

"सर, तुम्हाला मुद्दामच बोलले नव्हते. लेख छापून आल्यावर एकदम दाखवणार होते. आला असता तर नोकरीत कायम झाले असते. आता यांनी हे असं लिहिलंय म्हटल्यावर संपलंच सगळं."

सरांनी कागद पालथे करून टेबलावर ठेवले.

"तुमचे संदर्भ सगळे काढावे लागले, सर. पानोपानी तुम्हीच होतात. ठेवले असते तर हे कुणाच्या हाताखालचं काम आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. छापताना परत घालणार होते." तिने नाक पुसलं. "पण इतकं कुणाच्या पोटात दुखलं ते शोधायचंच, असं ठरवलं मी. मजकूर काय, भरपूर होता. बसले मोजत, या विषयात लिहिणाऱ्या एकेकाच्या लिखाणाशी ताडत, तुम्ही शिकवलंत तसं. पुन्हा पुन्हा तपासलं. सर, आपली पद्धत चुकीची आहे. ती तुमचं नाव सांगते."

बायको पाणी घेऊन दारातच थांबली होती. सरांनी तिच्याकडे पाहणं टाळलं. सुटका समोर आयती चालून आली होती. 'होतं कधी कधी असं' एवढं म्हटलं की भागणार होतं. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही.

"ते तुमचे वर्गमित्र म्हणतात ना, शब्द मोजून माणूस सापडत नसतो? त्यांचंच खरं निघालं," ती म्हणाली. "मी तसा लेखच लिहायला घेतलाय. तुमचं नाव येऊ देणार नाही, काळजी करू नका. पद्धत भलत्याच माणसावर बोट ठेवते, एवढंच लिहीन. ते म्हणाले, पुढच्या परिषदेत वाच. माझ्या भाषणाच्या आधी."

सरांना ते सभागृह दिसलं. टाळ्या ऐकू आल्या. ते हसणंही ऐकू आलं.

"पद्धत बरोबर आहे," सर म्हणाले.