पुरेसा वेळ

"मा... माझा फो... फोन बंद..." ग्राहक तिसऱ्यांदा अडखळला. कॉल सेंटरमधल्या शाल्मलीनं म्यूटचं बटण दाबलं आणि शेजारणीकडे वळून त्याची हुबेहूब नक्कल केली. दोघींची हसून मुरकुंडी वळली.

समोरच कंपनीचा नियम चिकटवलेला होता : 'बोलताना अडचण येणाऱ्या ग्राहकास पुरेसा वेळ द्यावा.' वाचल्याची सही तिनं कालच केली होती.

हसू आवरताना तिचं लक्ष गेलं. म्यूटचा लाल दिवा लागलाच नव्हता. पलीकडच्यानं सगळं ऐकलं होतं.

तिचे कान तापले. "सर, मी... म्हणजे मला... ते..." माफी मागायची होती, पण वाक्यच जुळेना. शेजारीण मान खाली घालून टाईप करायला लागली.

"सा... सावकाश बोला, ताई," तो म्हणाला. "घा... घाई नाही. मी थां... थांबतो."