ओट्यावरचा लाल उजेड

पट्टी तिसऱ्यांदा सुटली आणि तिच्या केसांवर येऊन लोंबकळली. स्टुलावरून तिने वळून पाहिलं. दारात आई पोट धरून हसत होती.

"केसांत माळायचीच होती, तर एवढा खटाटोप कशाला?" आई हातांनी म्हणाली.

त्या दोघी हातांनीच बोलत. लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती चिमुरडी असताना आई तिच्या मांडीला मांडी लावून खुणांची भाषा शिकली होती, आणि पुढे तीस वर्षं तिचे कान होऊन राहिली होती.

आता त्या कानांना नवं काम निघालं होतं. आत पाळण्यात आठ महिन्यांचा ठोंब्या झोपला होता. जावई दिवसभर कामावर. आई आल्या दिवसापासून एकच पालुपद धरून बसली होती, "तू इथे ओट्यापाशी असणार, तो तिकडे रडून रडून लालबुंद होणार. तुला कळणार कसं? चालायला लागेपर्यंत माझ्याकडे राहू दे." रविवारी ती नातवाला घेऊन निघणार होती. त्याची बॅगसुद्धा भरून झाली होती.

त्या बॅगेला लेकीचं उत्तर म्हणजे ही दिव्यांची पट्टी. ओट्यावरच्या कपाटांच्या तळाला ती चिकटवायची. आवाज टिपणारी एक डबी पाळण्याच्या कठड्याला आधीच लावलेली. एरवी ओट्यावर पांढरा उजेड. बाळ रडलं की तोच उजेड लाल. पण आधी पट्टी चिकटायला तर हवी!

तिने कपाटाच्या तळावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. कपाटं वरून सगळे पुसतात, खालून कोण पुसतंय? वर्षानुवर्षांच्या वाफेचा तेलकट थर. तिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि लाकूड करकरीत होईपर्यंत घासलं. वाळू दिलं. मग मागचा कागद सोलत, अंगठ्याने दाबत दाबत, वीतभर वीतभर पुढे सरकली. कोपऱ्याशी पट्टीवर कात्रीची खूण छापलेली होती, तिथेच कापलं, जोड बसवला आणि बटण दाबलं.

ओटा लख्ख उजळला. विळीचं पातं, चिरलेल्या कांद्याची पात, टाइलच्या भेगेतली काजळीसुद्धा दिसली.

"दिसायला बरा आहे," आईने कबूल केलं. "तीन संधी देते तुझ्या दिव्याला. तिसऱ्यांदाही फसला, तर ठोंब्या माझा."

"आणि खरा निघाला तर?"

"तर बॅग रिकामी करीन. पण झोपलेल्या पोराच्या खोलीत तू पाय टाकायचा नाहीस. हत्ती परवडला!"

हे मात्र तिला मान्यच करावं लागलं. आपली पावलं किती वाजतात, ते तिला कधीच कळलं नव्हतं. म्हणून खोलीचं दार लोटून आई बाहेर हॉलमध्ये खुर्ची टाकून बसली. मांडीवर घडी करायची झबली, आणि कान दाराकडे.

पंधरा मिनिटांत उजेड लाल झाला. ती धावत हॉलच्या दारात गेली. आईने शांतपणे तळहातावर गाल टेकवून दाखवला: झोपलाय. ती परत आली तेव्हा उजेड पांढरा झाला होता.

तिने जोड उघडून पुन्हा बसवला. तारा तपासल्या. फोनवर डबीची संवेदनशीलता दोन घरं कमी केली.

दुपारनंतर पुन्हा लाल. पुन्हा आईचा गाल तळहातावर. "गाढ झोपलाय गं! तुझा दिवा झोपेत बरळतो."

आता तिचा चेहरा पडला. नवऱ्याने परवाच तिला विचारलं होतं, "आई रागावल्यात का माझ्यावर? मी बोलतो, त्या उत्तरच देत नाहीत." या दिव्यावरून घरात सगळ्यांचंच बिनसलंय, असं तिला वाटून गेलं. तिने स्टूल ओढलं. पट्टी काढून टाकावी म्हणून टोकाला नख लावलं.

आणि तिच्या नखाखाली उजेड लाल झाला.

या वेळी ती विचारायला गेली नाही. हरायचंच आहे, तर निदान पोराला बघून हरू. हत्ती तर हत्ती! ती स्टुलावरून उतरली, हॉल ओलांडला, आईच्या खुर्चीमागून पुढे झाली आणि दार ढकललं.

ठोंब्या पाळण्याचा कठडा धरून बसला होता. तोंड उघडं, घशापर्यंत दिसेल इतकं. गालांवर पाण्याचे ओघळ. काही ओले, काही केव्हाच वाळून गेलेले. उशीही भिजली होती. हा आत्ताचा रडलेला नव्हता. हा आज तिसऱ्यांदा रडत होता.

तिने त्याला छातीशी घट्ट धरलं. त्याचा हुंदका तिच्या बरगड्यांत थरथरला. दिवा खरा होता. पहिल्यांदाही खरा, दुसऱ्यांदाही खरा! ती ठोंब्याला कडेवर घेऊन बाहेर आली ती मान ताठ करून, भांडायच्या तयारीत.

आई हातभर अंतरावर झबल्याची घडी घालत होती. उघड्या दाराला पाठ करून. अजूनही शांत.

लेकीची सावली अंगावर पडली, तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. भोकाड पसरलेल्या नातवाचं उघडं तोंड पाहिलं आणि झबलं तिच्या हातातून गळून पडलं.

मग ती उठली. कोपऱ्यातली बॅग ओढून आणली, चेन उघडली, आणि ठोंब्याचे कपडे एकेक करून पुन्हा कपाटात ठेवले. शेवटी लेकीपुढे उभी राहून हात उचलले.

"जिंकलीस. आता माझ्याही घरी येऊन एक पट्टी लावून दे, दाराच्या घंटेला जोडून. वर्ष झालं, मला काहीच ऐकू येत नाही."