रेटाच्या मापाची बंदूक

"खांद्याला लाव," एल्डन हॅसलर लेकीला म्हणाला. "गाल टेकव. आता फिरव. समोरून टर्की चाललीय समज."

रेटाने बंदूक खांद्याला लावली आणि दुकानाच्या भिंतीवरून नळी सावकाश फिरवली.

"आणि हरणाला?" एल्डनने विचारलं.

"हरणाला नळी बदलायची," काउंटरमागून मर्ल म्हणाला. "या कौंटीत हरणाला रायफल चालत नाही, तेव्हा छर्र्यांची बारा बोअरच हवी. वसंतात टर्कीला ही तोंडाशी आवळलेली नळी लाव, चाळीस पावलांवरही छर्रे पांगत नाहीत. नोव्हेंबरात ही दुसरी, आतून आटे पाडलेली. एकच जाड गोळी, सरळ जाते. एका बंदुकीत दोन्ही हंगाम."

एल्डनला एकच बंदूक हवी होती, दोन्हीला चालणारी. स्वतःसाठी नव्हे. त्याचे हात आता इतके थरथरत की अर्धी कॉफी शर्टावर सांडायची. मचाणावर चढणं संपलं होतं. आणि हॅसलरांच्या शिकारीच्या तळावरची रीत अशी, की उतरणारा म्हातारा नवी बंदूक घेऊन ज्याच्या हाती देईल, मचाण त्याचं. ओढ्यावरचं मचाण! रेटा चाळिशीला आली. वीस वर्षं तिने कुंपणाशी चिखलात बसून शिकार केली, बापाने पाडलेली हरणं ओढून आणली, सोलली, टांगली. त्या मचाणाच्या शिडीवर मात्र तिने कधी पाय ठेवला नव्हता. आज सकाळी म्हातारा "चल, बंदूक घ्यायचीय" म्हणाला आणि ही नाश्ता तव्यावर तसाच टाकून गाडीत जाऊन बसली.

काउंटरवर आणखी एक बंदूक होती. रेटाने ती उचलली आणि परत ठेवली.

"जड आहे. ही पहिलीच बरी. हिचा तोल बघा बाबा, नळीकडे झुकत नाही."

"हात पुरतो? दस्ता लांब नाही ना होत?"

"छे! मापं घेऊन शिवल्यासारखी आहे."

"मेलो आम्ही," मर्ल हसून म्हणाला. तोही त्याच तळावरचा. "म्हणजे यंदापासून तळावर तुझ्या हातची बिस्किटं बंद."

"तुम्ही करा की मर्लकाका. ग्रेव्हीसुद्धा तुम्हीच ढवळा. मी वर बसून खाईन."

तिघेही हसले. रेटा तर लहान पोरीसारखी हसली.

मर्लने खणातून पितळेची पट्टी काढली. "दस्त्यावर नाव काय घालू?"

"ड्वेन हॅसलर," एल्डन म्हणाला.

बंदूक अजून रेटाच्या हातातच होती.

"ड्वेन?"

"येतोय तो. फीनिक्सहून, खास हंगामाला. आठ वर्षांनी येतोय पोरगा! तुझा नि त्याचा बांधा एक, हातही तेवढेच लांब. म्हणून तर तुला आणलं मापाला."

कामाला कधीमधी आणि जेवायला सगळ्यांच्या आधी, असा तो तिचा भाऊ ड्वेन. रेटाला वाटलं, हाच दस्ता म्हाताऱ्याच्या टाळक्यात घालावा.

"आणि मी, बाबा?"

"तू काय?" एल्डनने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं, हेच वाईट. "तू आहेसच की. शनिवारी तेवढं निशाण बसवून दे तिला. त्याची सवय गेली असेल."

मर्लने मान खाली घालून पट्टी पुसली. उगाचच पुसत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "एल्डन, ड्वेन डावखुरा ना रे? मग ही नको. ही उजव्या अंगाने काडतूस फेकते. डाव्या खांद्यावरून झाडली तर रिकामं काडतूस थेट तोंडासमोरून जाणार. बिचकेल तो, बार हुकतील. ती जड बंदूक घे, ती खालून टाकते. कुणालाही चालेल."

"डावखुरा होता. नऊ वर्षांचा होता तेव्हाच ते खूळ काढलं मी. महिनाभर डावा हात पाठीशी बांधून ठेवला, झाला सरळ."

झाला कसला सरळ! मागच्या खेपेला आला तेव्हाही स्वयंपाकघरात मिठाची बाटली डाव्या हाताने उचलायचा, आणि बाहेर बापाचे बूट वाजले की घाईघाईने उजव्या हातात घ्यायचा. एवढा बाप्या माणूस! रेटाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तिला त्याची दया आली होती.

"पैसे तुझे जातात म्हणून विचारतो," मर्ल म्हणाला. त्याने रेटाकडे पाहिलं. "काय गं? तुला ठाऊक असेल. डावा का उजवा?"

रेटाने बंदूक काउंटरवर ठेवली. नळीवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते तिने बाहीने पुसले.

"उजवाच आहे," ती म्हणाली. "हीच द्या त्याला."

"ऐकलंस?" एल्डनने थरथरत्या हाताने तिच्या पाठीवर थाप मारली. "माझी लेक कधी खोटं बोलत नाही."