पाठ झालेला सिनेमा

जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांच्या महोत्सवाला बाबांनी यावं, म्हणून थिएटरवाल्यांचे चार फोन आले. बाबा चाळीस वर्षं तिथे प्रोजेक्टरवर ऑपरेटर होते. "कशाला जुनं उकरायचं?" म्हणत ते टाळत होते, मीच हट्टाने घेऊन गेले.

आज लावलेला सिनेमा आई गेली त्या वर्षी इथे पंचवीस आठवडे चालला होता, रोज तीन खेळ. बाबांना तो इतका पाठ, की प्रत्येक संवाद पडद्यावर यायच्या आधीच ते पुटपुटत होते. मागच्या बाईंनी दोनदा "शू" केलं. मीही म्हटलं, "बाबा, लोकांना ऐकू द्या की!" पण त्यांचं तोंड काही थांबेना आणि मला हसू आवरेना.

शेवटाकडे इन्स्पेक्टर नवऱ्याला विचारतो, बायको जिन्यावरून पडली कशी? त्याने तिला ढकललेलं आम्ही सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. तो डोळे पुसत म्हणाला, "दिवे गेले होते, साहेब. मी हात पुढे केला, पण हातात नुसती शाल आली."

माझी आईही जिन्यावरून पडूनच गेली. ती कशी पडली, असं लहानपणापासून जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा बाबांनी मला हेच सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत, फक्त 'साहेब' सोडून.

मी बाबांकडे वळून पाहिलं.



अख्ख्या सिनेमात तेवढ्या एकाच वाक्याला त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.