दुपारचा फोटो

बाळकुम भागातल्या पाळणाघरातून रोज दुपारी अमृताच्या फोनवर एक फोटो यायचा. अडीच वर्षांची मैत्री त्यात सगळे दात दाखवून हसत असायची, एक हात टाटा करायला वर केलेला. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात अमृता आधी तो फोटो बघायची आणि मगच डबा उघडायची.

सासूबाईंना काही ते हसणं पटत नव्हतं. “अगं, पाळणाघराचं गेट दिसलं की पोरगी माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारते. झोपेत दचकते. तिकडे काहीतरी होतंय बघ.”

“काय हो आई, तुम्ही पण ना!” अमृता फोन त्यांच्यासमोर धरायची. “हे बघा. घाबरलेलं पोर असं हसतं का?”

रविवारी घरीच मैत्रीचं बोट दारात चेमटलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाई बर्फ आणायला धावल्या. बोट टम्म सुजलेलं बघून अमृता म्हणाली, “थांब हं पिल्लू, डॉक्टरकाकांना फोटो पाठवू.” आणि तिने फोन मैत्रीसमोर धरला.

मैत्रीचं रडणं झटकन थांबलं. हुंदका गिळून तिने घाईघाईने फ्रॉकला डोळे पुसले आणि तोच सुजलेल्या बोटाचा हात वर केला.



मग सगळे दात दाखवून ती हसली, अगदी रोजच्या फोटोतल्यासारखी.